सुशोभीकरणाखाली गेलेले तुडुम

माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे कार्यालयीन बोलीत 'मामा तलाव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भातील जुन्या जलाशयांवर, सुशोभीकरणाची कामे आखली जातात. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील अशाच एका कामावर गावकऱ्यांनी घेतलेली हरकत फेटाळली गेली आणि ती ज्या रीतीने फेटाळली गेली, ती इतर गावांनी जाणून घेण्याजोगी आहे. आराखड्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, सिमेंटचा पदपथ होता, उथळ काठावर भराव टाकून दुकानांचे गाळे होते, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावात नौकाविहारासाठी धक्काही होता; तुडुमाचा मात्र उल्लेख नव्हता. तुडुम ही निरनिराळ्या उंचीवर भोके ठेवलेली निकासाची रचना असून, पाणी उतरेल तसे वरून खाली एकेक भोक उघडून ते धानाच्या बांध्यांना सोडले जाते.

साडेसहा हजारांहून अधिक संख्येचे हे तलाव गोंड राजवटीच्या आश्रयाने मुख्यतः कोहळी समाजाने उभारले, आणि नवेगाव बांध तलावाचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते शासनाकडे गेले.

सुनावणीत हरकतदारांनी तलावाचे वय सांगितले, तेव्हा संबंधित अधिकाऱ्याने हा तलाव संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे काय, एवढेच विचारले आणि उत्तर पुरते ऐकण्यापूर्वीच पुढची फाइल उघडली. नकाशात उथळ काठाची नोंद 'पडीत' अशी होती. ज्या काठावर देशी पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात आणि ज्यावर ढीवर कुटुंबांची मासेमारी अवलंबून असते, तो काठ कागदावर आधीच कोरडा झालेला होता, हे तेथे उपस्थित असलेल्यांना त्या क्षणी उमगले. हरकतदारांना 'विकासविरोधी' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कोणी तुडुम कधी पाहिले असेल, अशी शंका घेण्यास मात्र वाव नाही; त्यांनी ते पाहिलेले नव्हतेच.

यादीत नाव असल्याने सर्व साधते असेही नाही. मुंबईत 1924 साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाजवळील नियोजित प्रवासी जेट्टीला कुलाब्यातील रहिवाशांनी आव्हान दिले. त्यांच्यापाशी वकील होते, वृत्तपत्रांचे लक्ष होते, तरीही जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. मात्र तेथील प्रेक्षागृहसदृश जागा केवळ प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठी वापरावी आणि उपाहारगृहात बसून जेवण्याची सोय नसावी, अशा अटी न्यायालयाने घातल्या. प्रकल्प थांबत नसेल तर कोणत्या अटी हव्यात, हे हरकतीतच पर्याय म्हणून लिहावे, हा त्यातून घेण्याजोगा धडा आहे.

कायद्याचा आधार निवडताना सावध राहावे, कारण 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांच्या व्याख्येतून सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, आणि नेमके हेच वाक्य समोरचा पक्ष वाचून दाखवितो. त्याऐवजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निर्णय अधिक उपयोगी आहे, कारण तो गावतळ्यात भराव टाकून केलेल्या अतिक्रमणाविषयीच आहे. निस्तार पत्रकाची, म्हणजे सामायिक जमिनीवरील गावाच्या वहिवाटीच्या नोंदीची, आणि वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे पाणी, रस्ता व मासेमारी यांविषयीच्या रूढ हक्कांच्या नोंदीची, प्रमाणित प्रत निविदा निघण्यापूर्वी काढावी. निविदेनंतर तीच प्रत मिळविण्यास कार्यालयात अचानक फार वेळ लागू लागतो. अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवावे व त्यात तुडुम, पाट आणि सांडवा यांचे काय होणार हे शोधावे. ग्रामसभेचा ठराव 'तलाव वाचवावा' एवढाच नसावा, त्यात गट क्रमांक आणि ओलिताखालील शेते नोंदलेली असावीत. गावात एकी ठेवावी, हे सांगणे सोपे आहे. दुकानाचा गाळा मिळण्याची आशा दाखविली गेली की ती एकी किती टिकते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्या गावांच्या तलावांवर अद्याप सुशोभीकरणाचे फलक लागलेले नाहीत, त्यांनी येत्या उन्हाळ्यात पाणी उतरून तुडुम उघडे पडताच त्याची मोजमापासह छायाचित्रे घ्यावीत आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तास जोडून ठेवावीत.