दार उघडलं नाही तरी : भिक्षा आणि चिकाटी

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक १४, समास २ (भिक्षानिरूपण)

मित्रांनो, हा समास आपल्यापैकी बरेच जण भरभर वाचून पुढे जातात. भिक्षा म्हटलं की वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. आपण पगारदार, ईएमआयवाले, आपण कुठे झोळी घेऊन फिरणार? पण नीट वाचलं तर लक्षात येतं की समर्थ इथे पोट भरण्याबद्दल फार थोडं बोलतात. भिक्षेने माणसांच्या ओळखी होतात, मनातले भ्रम जातात, भिक्षेवर राहणारा कशात अडकून पडत नाही, असं ते सांगतात. आणि पुढे म्हणतात की भिक्षा ही निर्भय स्थिती आहे.

मी बरेच दिवस या "निर्भय" शब्दाशी थांबत होतो. परक्याच्या दारात हात पुढे करायचा, यात निर्भय ते काय? मला तर सोसायटीत गणपतीची वर्गणी मागतानाही पोटात गोळा येतो.

या शब्दाचा अर्थ मला थोडाफार उलगडला तो अमेरिकेत, तेही एका मॉर्मन माणसाकडून. कंपनीच्या कामासाठी मी काही महिने युटा राज्यात लेही या गावी होतो. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे सॉफ्टवेअर कंपन्या भरपूर, आणि मॉर्मन लोकही भरपूर. आमच्या टीममधला टेस्टिंग बघणारा एक जण फर्डं जपानी बोलायचा. विचारलं तर म्हणाला, "मी तिथे मिशनवर होतो."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्याला थोडं थोडं विचारत गेलो. त्यांच्यात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून जाऊ शकतो, मुली दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही, चर्च ठरवतं. परदेशी भाषा असेल तर काही आठवडे शिकवतात आणि पाठवून देतात. पगार नाही, उलट खर्चाचे पैसे स्वतः साठवायचे किंवा घरच्यांनी द्यायचे. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग स्वतःचं ग्रंथवाचन, मग जोडीदाराबरोबर वाचन, मग बाहेर. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी. नेहमी दोघांनी मिळून, एकट्याने कधीच नाही. रात्री साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, किराणा, घरी पत्र. तो गेला तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली.

आणि दारं? जपानमध्ये लोक अतिशय नम्रपणे नाही म्हणतात. दिवसच्या दिवस कोणी आत बोलवायचं नाही. सुरुवातीला तो रोज रात्री वहीत लिहायचा की आज किती दारं बंद झाली. महिन्याभरात त्याची झोप उडाली. त्याच्याहून वर्षभर आधी आलेल्या जोडीदाराने ती वही पाहिली आणि एवढंच म्हणाला, "तू दुसऱ्यांचा हिशेब लिहितोयस. तुझा लिही." मग तो लिहू लागला : वेळेवर उठलो का, वाचन झालं का, ठरलेल्या गल्लीत गेलो का, नकार देणाऱ्याशी नीट बोललो का. दोन वर्षांत त्याच्यामुळे धर्मात आलेली माणसं किती, असं मी विचारलं. हसून म्हणाला, "एक. आणि तोसुद्धा बहुतेक मी."

मला त्यांचं तत्त्वज्ञान पटलं का? नाही. कोणाच्या दारात जाऊन त्याची श्रद्धा बदलायला सांगावं, हेही मला पटत नाही. हे मी त्याला सांगितलं, आणि त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. हजारो नकार पचवलेल्या माणसाची ती शांतता होती. समर्थांचा "निर्भय" शब्द मला तेव्हा आठवला. ज्याचं मन समोरच्या दाराला बांधलेलं नाही, त्याला भीती कसली?

आपल्याकडेही हे लोक फार पूर्वी येऊन गेलेत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध, छावणीत राहायला मनाई, तरी तो मराठी शिकू लागला आणि १८५३ मध्ये पुण्यात एक छोटीशी शाखा उभी केली. १८५५ मध्ये तो परत गेला, आणि पुढच्या काळात त्या कामातलं फारसं काही उरलं नाही. फळाच्या मापाने पाहिलं तर शून्यच. पण तीन वर्षं टिकून राहणं हे काही शून्य नव्हे.

आता समर्थांकडे पाहूया. त्यांनी आपल्या शिष्यांना असंच लांब लांब पाठवलं होतं. कल्याणस्वामी परांड्याजवळ डोमगावला. उद्धवस्वामी इंदूर-बोधनला, म्हणजे आजच्या तेलंगणात, तेलुगू मुलखात. भीमस्वामी थेट तंजावरला, तमिळ मुलखात. वेणाबाई मिरजेच्या मठात, तेही सतराव्या शतकात. गुरू दूर, प्रदेश नवा, आणि रोज सकाळी झोळी. गावोगावी जावं, घरोघरी पाहावं, भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसं ओळखावीत, असं समर्थ पुढे पंधराव्या दशकातही सांगतात. आणि या समासात एक बारीक अट आहे : कोणी भरपूर आणून दिलं तरी मूठभरच घ्यायचं. म्हणजे नकाराने खचायचं नाही हे जितकं खरं, तितकंच मिळालं म्हणून हुरळायचं नाही हेही खरं. दोन्हीकडून मन मोकळं.

आमच्या परळीत हे शिकायला ग्रंथ उघडायचीही गरज नाही. आमच्या गल्लीत एक जंगम आजोबा भिक्षेला येतात. दारासमोर उभं राहून घंटा वाजवतात, थोडं थांबतात. कोणी आलं तर पीठ-ज्वारी झोळीत, आशीर्वाद, पुढचं घर. कोणी आलं नाही तरी चेहरा तोच, चाल तीच, पुढचं घर. शेजारच्या नव्या बिल्डिंगचं गेट बहुतेक बंदच असतं, तिथेही घंटा वाजते. एकदा मी म्हणालो, "आजोबा, तिथं कुणी येत नाही, कशाला थांबता?" ते म्हणाले, "येणं त्यांच्याकडं लेकरा, थांबणं माझ्याकडं."

हे सगळं मी आज का लिहितोय? आमचं दर गुरुवारचं ऑनलाइन दासबोध वाचन तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. सुरू केलं तेव्हा चौदा जण होतो. आता चार, कधी दोन. गेल्या आठवड्यात एकाने सुचवलं की बंदच करूया, रेकॉर्डिंग टाकत जाऊ. सूचना चुकीची नाही, सगळ्यांच्या शिफ्टा आहेत, लहान मुलं आहेत. पण मी विचार केला की बंद करायचं कारण काय? लोक येत नाहीत म्हणून बंद करणं म्हणजे दाराच्या हिशेबावर चालणं. माझं वाचन होत नसेल, मन लागत नसेल, तर ते कारण खरं. म्हणून वाचन चालू राहील. गुरुवार, रात्री साडेनऊ, चाळीस मिनिटं. दोघं असलो तरी.

तुम्हीही काहीतरी धरलं असेल : मनाचे श्लोक, जप, हरिपाठ, एखाद्या वस्तीत मुलांना शिकवणं. ते ढिलं पडायला लागलं असेल तर आजच्या समासातून इतकं घ्या :

१. वेळ ठरवा, आणि मूड विचारू नका. साडेसहा म्हणजे साडेसहा.

२. एक सोबती धरा. रोज रात्री एक मेसेज, "झालं" किंवा "नाही झालं". बस.

३. हिशेब आपल्या बाजूचा लिहा. किती जणांनी ऐकलं, किती लाइक आले, हा दारांचा हिशेब झाला.

४. चांगला दिवस आला तर मूठभर घ्या आणि पुढे चला. एका दिवसाच्या आनंदावर आठवडा काढता येत नाही.

आजचा अभ्यास : झोपण्यापूर्वी वहीत दोन रकाने करा. एकात "माझ्याकडे", दुसऱ्यात "त्यांच्याकडे". दिवसभर ज्याची काळजी केली ते सगळं त्यात वाटून टाका. मग दुसऱ्या रकान्यावर एक आडवी रेघ मारा आणि निवांत झोपा.

उद्या समास ३.

जय जय रघुवीर समर्थ!