पैसा सुटला, पण डाव सुटला नाही

या वेळच्या अभ्यासाला आपण एक अवघड जोडी घेतली आहे : वैराग्य आणि बेफिकिरी. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. फरक नीट कळावा म्हणून एका मोठ्या जुगाऱ्याचं आयुष्य समोर ठेवतो आहोत. 'उपासनेच्या ग्रुपवर जुगाऱ्याची गोष्ट कशाला?' असं काहींच्या मनात येईल. तरी शेवटपर्यंत वाचावं आणि घरात मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.

*पन्नास डॉलर ते चार कोटी*

आर्ची कॅरस हा ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावरचा. जन्म १९५० चा. घरची गरिबी इतकी, की लहानपणी गोट्या खेळून जिंकलेल्या पैशांवर तो पोट भरायचा. पंधराव्या वर्षी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला, जहाजावर वेटरचं काम केलं आणि पुढे अमेरिकेत आला. तिथे पूल आणि पोकर हेच त्याचं पोटापाण्याचं साधन झालं. लाखो डॉलर मिळवले, तितकेच घालवलेही.

डिसेंबर १९९२ मध्ये तो लास वेगासला पोचला, तेव्हा खिशात ५० डॉलर होते. ओळखीच्या एका खेळाडूकडून त्याने १० हजार डॉलर उसने घेतले. काही तासांत त्याचे ३० हजार झाले. तिथून जे सुरू झालं ते १९९५ पर्यंत चाललं. 'बिनियन्स हॉर्सशू' या कॅसिनोत त्याने पोकरमधल्या नावाजलेल्या खेळाडूंना एकेक करून हरवलं. पुढे समोर बसायला कोणी धजेना, तेव्हा तो फाशांच्या टेबलाकडे वळला. एकेका डावावर लाख लाख डॉलर लावू लागला. शिखरावर असताना त्याच्याकडे ४ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम होती, असं सांगतात.

इथे क्षणभर थांबूया. आपल्यापैकी कोणीही म्हणेल, 'आता पुरे की! सात पिढ्या बसून खातील.' तो थांबला नाही. १९९५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत फासे, पोकर आणि बाकारा हा पत्त्यांचा खेळ, यांत मिळून ३ कोटी डॉलर गेले. तरी सव्वा कोटीच्या जवळपास शिल्लक होते. ते घेऊन तो विश्रांतीसाठी मायदेशी गेला. म्हणजे बाहेर पडायची वाट मिळाली होती, हातात पैसाही होता. पण तो परत आला, आणि महिन्याभरात शेवटचे दहा लाख सोडून सगळं हरला. त्या दहा लाखांचे पोकरमध्ये वीस लाख केले, आणि तेही थोड्याच दिवसांत टेबलावर ठेवून आला.

पुढे २०१३ मध्ये सॅन डिएगोजवळच्या एका कॅसिनोत पत्त्यांवर खुणा करताना तो पकडला गेला. तिथे जिंकलेली रक्कम होती सुमारे ८ हजार डॉलर. जो माणूस एका डावावर लाख लावायचा, तो आठ हजारांसाठी लबाडीवर आला. २०१५ मध्ये नेव्हाडा राज्याने त्याचं नाव कॅसिनोत प्रवेशबंदी असलेल्यांच्या यादीत घातलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला.

*मग हे वैराग्य का नाही?*

आता अभ्यासाचा मुद्दा. कॅरस मुलाखतीत सांगायचा की, आपल्याला पैशाची किंमत वाटत नाही, म्हणून हरण्याची भीतीही वाटत नाही. शिवाय आरोग्य, प्रेम, समाधान या गोष्टी पैशाने मिळत नाहीत, असंही म्हणायचा. वाक्य नुसतं ऐकलं तर एखाद्या विरक्ताचं वाटावं! आणि तो खोटं बोलत होता असंही नाही. पैसा त्याच्या हातातून खरंच सहज सुटत होता.

पण सुटला पैसा, डाव सुटला नाही. विरक्त माणूस वस्तू सोडतो, तेव्हा तिच्याकडे जाणारी ओढही ओसरते. जुगारी पैसा सोडतो तो ओढ टिकवण्यासाठी. त्याला पैसा म्हणजे चुलीतलं सरपण. जाळ चालू राहिला पाहिजे, लाकूड कोणाचं का असेना. आज स्वतःचं, उद्या बायकोच्या पाटल्या, परवा मुलीच्या फीचे पैसे. म्हणूनच 'एकदा मोठा जिंकलो की सोडून देईन' हे बोलणं कधी खरं होत नाही. जिंकणं म्हणजे आणखी सरपण. कॅरस तर चार कोटी जिंकला होता!

आपल्या पूर्वजांनी हे फार आधी ओळखलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावली, आई झुरते, कोणी उसने देत नाही. पुन्हा जायचं नाही असं तो ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी आला की पाय तिकडेच वळतात. महाभारतात पहिल्या द्यूतानंतर द्रौपदीमुळे पांडवांना सगळं परत मिळालं होतं. तरी दुसरं बोलावणं आलं आणि धर्मराज परत जाऊन बसला. वडीलधाऱ्यांची आज्ञा हे कारण होतं, पण पहिल्या डावाचा परिणाम समोर असताना. नंतर बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. विद्वत्ता, सज्जनपणा, बुद्धी यांपैकी काहीही इथे पुरेसं पडत नाही, हे लक्षात ठेवूया.

*कॅसिनोचा हिशेब*

अमेरिकेतल्या रूलेटच्या चाकावर ३८ खाने असतात. एका आकड्यावर पैसे लावून तो आला तर ३५ पट देतात. म्हणजे ३८ चिठ्ठ्यांतली एक तुमची, पण मोबदला ३५ चाच. या फरकामुळे दर १०० रुपयांमागे सरासरी ५ रुपये २६ पैसे कॅसिनोकडे राहतात. फाशांच्या सर्वांत साध्या डावात हाच आकडा १ रुपया ४१ पैसे आहे. कमी वाटतो ना? पण लाख डॉलरच्या प्रत्येक डावामागे तो सरासरी १,४१० डॉलर होतो, आणि माणूस रात्रभर खेळतो. कॅसिनोला फसवायची गरजच नाही. तुम्ही उठू नये, एवढंच त्याला पुरतं. म्हणून तर मोठ्या गिऱ्हाइकाला खोली फुकट, जेवण फुकट.

पणजीला मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं आपल्या गोव्याच्या मंडळींना रोज दिसतात. बाकीच्यांच्या घरी हेच टेबल मोबाइलमध्ये शिरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याने दुकान बंद होतं, मनातली ओढ नाही.

*घरात असं कोणी असेल तर*

सेवेच्या निमित्ताने घरोघरी जाणं होतं, तेव्हा ही गोष्ट हळू आवाजात कानावर येते. म्हणून चार गोष्टी :

१. कर्ज गुपचूप फेडू नये. आईने दागिने मोडून फेडलेलं कर्ज पुढच्या डावाची सोय करतं. आधी सगळी देणी कागदावर लिहून घ्यावीत आणि व्यवहार घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावेत.

२. गुरूंची शपथ घालू नये. शपथ मोडली की माणूस लाजेने घरापासून आणि उपासनेपासूनही दूर जातो, आणि त्याला आपलं म्हणणारं एकच ठिकाण उरतं : तो डाव.

३. 'एकदा जिंकू दे, अभिषेक करीन' हा नवस म्हणजेसुद्धा डावच आहे, हे प्रेमाने सांगावं.

४. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत धरलं आहे. मधुमेहाला जसं डॉक्टरकडे जातो, तसं इथेही मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

नामस्मरण जरूर करावं, पण उपचाराच्या जोडीने; उपचाराऐवजी नको.

*या आठवड्यात घरी बोलण्यासाठी*

अ) मी सोडली असं म्हणतो, पण जिची ओढ अजून गेली नाही, अशी माझी कोणती गोष्ट आहे?
आ) आपल्या घरात पैशाबद्दल कोणाला कोणापासून काही लपवावं लागतं का? का?
इ) कोणी चुकून कबूल केलं, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजच ठरवून ठेवूया. 'बस, आधी जेवून घे, मग बोलू,' एवढं म्हणता आलं तरी खूप झालं.