न दिसणारी रेषा

प्रथम एक सोपा प्रयोग करा. एका पेल्यात नऊ चमचे पाणी घेऊन त्यात एक चमचा निळी शाई मिसळा. या मिश्रणाचा एक चमचा दुसऱ्या पेल्यातील नऊ चमचे पाण्यात घाला, त्यातला एक चमचा तिसऱ्या पेल्यात, असे करत जा. प्रत्येक पेल्यात काडी बुडवून टिपकागदावर एकेक रेघ ओढा. रेघा फिक्या होत जातील आणि शेवटी दिसेनाशा होतील. शेवटच्या रेघेत शाई नाही का? आहे, पण ती ओळखण्याइतका आपला डोळा तीक्ष्ण नाही.

हिवतापाच्या झटपट चाचणीत हीच अडचण येते. या चाचणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब व एक द्रावण टाकतात. टिपकागदात शाई पसरते तसा द्रव पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. असे सुमारे २५ हजार कण ओळीने मांडले, तर जेमतेम १ मिलिमीटर लांबी भरेल! या कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. रक्तात हिवतापाच्या परजीवीचे प्रथिन असेल, तर ती त्याला पकडतात. पट्टीवर पुढे एका आडव्या रेषेत आणखी प्रतिपिंडे असतात. तीही त्याच प्रथिनाला धरतात आणि कण तेथे अडकतात. इतके लहान सुवर्णकण हिरवा प्रकाश जोराने शोषतात, म्हणून ही रेषा तांबडी दिसते.

एक घनमिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. तेवढ्या रक्तात २०० परजीवी असले, तर चांगल्या पट्टीवर सहसा रेषा उमटते. संख्या त्याहून बरीच कमी असेल, तर रेषा दिसत नाही. रोगी औषधावाचून राहतो आणि डास त्याच्याकडून रोग दुसऱ्याकडे नेतात. म्हणून चाचणीची संवेदनक्षमता वाढवणे महत्त्वाचे आहे.

एक उपाय रसायनशास्त्राचा. पट्टीवर चांदीच्या क्षाराचे योग्य द्रावण सोडले, की सुवर्णकणांवर चांदी साचते. कण मोठे होतात आणि रेषा गडद होते.

दुसरा उपाय भौतिकशास्त्राचा. शोषलेल्या हिरव्या प्रकाशाचे काय होते? त्याची उष्णता होते! मग रेषा पाहण्याऐवजी तिचे तापणेच मोजले तर? २०१२ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन बिशॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांनी पट्टीवर लेसरचा झोत टाकला आणि अवरक्त कॅमेऱ्याने तापमान मोजले. क्रिप्टोकॉकस या रोगकारक बुरशीच्या चाचणीत संवेदनक्षमता ३२ पट वाढली. पट्टी तीच, कण तेच. फक्त पाहण्याची रीत बदलली.

मात्र एक सावधगिरी हवी. काही कण प्रथिनाशिवायच रेषेवर चिकटले, तर तेही या युक्तीने उठून दिसतील आणि निरोगी माणूस रोगी ठरेल. म्हणून केवळ संकेत वाढवून भागत नाही; खोटा संकेतही कमी करावा लागतो.

आता विचार करा: तुमच्या टिपकागदावरील न दिसणारी रेघ, रंगाखेरीज शाईच्या कोणत्या गुणधर्माने ओळखता येईल?