महागडा वस्तरा आणि चांगली दाढी

वस्तरा हे दिसायला अत्यंत साधे हत्यार आहे. पोलादाचे एक पाते आणि ते मिटवून ठेवण्यासाठी दुपाखी मूठ, एवढाच त्याचा पसारा असतो. तरीही दोन वस्तऱ्यांच्या किमतींत अनेक पटींचे अंतर आढळते. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, अधिक पैसे मोजणाऱ्याची दाढी खरोखरच अधिक चांगली होते काय? दाढी धार करते आणि किंमत संपूर्ण वस्तऱ्याची असते. म्हणून किमतीचा कोणता भाग धारेपर्यंत पोहोचतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

माणसाच्या दाढीचा केस साधारणपणे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे शंभर मायक्रॉन जाड असतो. उत्तम लावलेल्या धारेची कड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. इतकी बारीक कड टिकून राहावयाची, तर तिच्यामागचे पोलाद कठीण असावे लागते. परंतु ते ठिसूळ असून चालत नाही. वस्तऱ्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहून किंचित अधिक असते. असे पाते सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्याला पाणी देतात, म्हणजे ते तेलात किंवा पाण्यात एकदम थंड करतात. त्यामुळे त्याला काठिण्य येते. त्यानंतर ते पुन्हा १५० ते २०० अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केला जातो.

या कामातील कौशल्यासाठी मोजलेला पैसा वाया जात नाही. पाणी देताना पाते पिळवटू शकते. पुढे चाकावर घासताना ते बेताबाहेर तापले, तर त्यावर निळी झाक येते आणि धारेजवळचे पोलाद मऊ पडते. निष्काळजीपणे तयार केलेल्या अतिस्वस्त वस्तऱ्यांत हे दोन्ही दोष आढळतात. पहिला दोष काढण्यासाठी बरेच पोलाद घासून टाकावे लागते आणि मऊ पडलेल्या भागाला तर दगडावर कितीही घासले तरी टिकाऊ धार येत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट करण्याचे काम निष्णात कारागिराचेच असते. जर्मनीतील झोलिंगेन हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्या गावाचे नाव वाटेल त्या मालावर छापले जाऊ नये, यासाठी १९३८ साली तेथे कायदा करण्यात आला. गिऱ्हाईक नावासाठी पैसे मोजते, हे कारागिरांनी आणि नकला करणाऱ्यांनीही फार पूर्वीच ओळखले होते.

नावाचे मोल वाढत असताना वस्तूचा गुण किती वाढतो, हे एका जुन्या प्रकरणावरून समजते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला पाठविले. दक्षिण भारतात मातीच्या मुशीत तयार होणारे हे पोलाद तेथील शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाले. लंडनचे चाकू-कात्र्यांचे कारागीर जेम्स स्टोडार्ट ते आपल्या हत्यारांसाठी वापरीत. पुढे याच स्टोडार्ट यांनी मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले. १८२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी या मिश्रणाची विशेष प्रशंसा होती. फॅरडे आपल्या खास पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असत.

प्रयोग प्रामाणिक होते. व्यापाराने त्यांतून उचलले ते मुख्यतः नाव. 'रौप्य पोलाद' ही अक्षरे पुढे अनेक पात्यांवर झळकू लागली. इंग्लंडमध्ये आजही एका प्रकारच्या चकचकीत पोलादी सळईला हेच नाव आहे, परंतु तिच्यात चांदी मुळीच नसते. हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची मूठ, पात्यावरील सोनेरी वेलबुट्टी यांचेही तसेच आहे. त्यांनी किंमत वाढते; धारेचा आणि त्यांचा काहीही संबंध नसतो.

यानंतर धार लावण्याचा विचार करावयास हवा. दगडावर वस्तरा सपाट ठेवतात, तेव्हा त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन हाताच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १७ मिलिमीटर असली, तर हा कोन सुमारे १७ अंशांचा येतो. कोन मुळात पात्याच्या घडणीतच ठरलेला असल्यामुळे सरळ आणि नीट घडविलेला साधा वस्तराही महागड्या वस्तऱ्याइतकीच बारीक धार घेऊ शकतो. मात्र पुढची कामगिरी हाताची आहे. दगडावर वस्तरा धारेच्या दिशेने पुढे नेतात. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे ठेवून ओढतात. पट्ट्यावर ही दिशा चुकली, तर पट्टा कापला जातो आणि धारही बिघडते.

धार झिजते कशी, यावरही अलीकडे प्रकाश पडला आहे. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते, तरीही केस त्याला बोथट करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली वापरून टाकावयाच्या साध्या पात्यांचे सूक्ष्म निरीक्षण केले. कड सावकाश गोलावत जाण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना आढळले. केस वाकून धारेला तिरपा भिडला आणि तेथेच पोलादाची अंतर्रचना विषम असली, म्हणजे टवका उडण्याचा संभव वाढतो. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एकजिनसी पोलादासाठी दिलेला पैसा सार्थकी लागतो. आणि कोमट पाण्याने व साबणाने दाढी नीट भिजविणे हे पात्याच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे, कारण भिजलेला केस मऊ होतो व कमी जोराने कापला जातो.

तेव्हा दोन वस्तऱ्यांची तुलना न्याय्य रीतीने करावयाची असेल, तर दोन्हींना एकाच दगडावर, एकाच हाताने धार लावली पाहिजे. एकाने उजवा गाल व दुसऱ्याने डावा गाल करावा आणि दुसऱ्या खेपेस गाल बदलावेत. नव्या वस्तऱ्याची कारखान्यातील धार ताडून पाहणे म्हणजे वस्तऱ्याची नव्हे, तर ती लावणाऱ्याची परीक्षा होय.

सारांश, किमतीला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे पोलाद, पाणी आणि घडण यांची शाश्वती नसते. तेथील स्वस्ताई अखेर महाग पडते. उंबरठा ओलांडल्यावर दाढीचा दर्जा धार लावणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहतो आणि वाढीव पैसा मुख्यतः शोभेकडे जातो. म्हणून बेताच्या मिळकतीच्या माणसाने सरळ पात्याचा साधा वस्तरा घ्यावा आणि उरलेली रक्कम चांगला दगड व पट्टा यांवर खर्च करावी. मात्र हा सल्ला स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्यासाठी आहे. अनेकांच्या दाढ्या होतात त्या दुकानात रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचा आणि एड्सच्या विषाणूचा धोका असतो. तेथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते बसविणेच इष्ट आहे. कारण वस्तरा कितीही उंची असला, तरी त्याची किंमत या धोक्यापासून कोणाचेही रक्षण करीत नाही.