५० हजारांत व्हिडिओ एडिटिंगचा लॅपटॉप: स्टिकर वाचायला शिका

“सर, एडिटिंगसाठी ५० हजारांत कुठला लॅपटॉप घेऊ?” हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. मी मॉडेलचं नाव सांगत नाही. एकाच नावाखाली कंपन्या दोन-तीन वेगवेगळे प्रोसेसर विकतात, त्यामुळे नाव पाठ करून उपयोग नाही.

आधी एक हिशोब करा. समजा तुमचं एकूण भांडवल दीड लाख आहे आणि त्यातले ८० हजार लॅपटॉपमध्ये घातले, तर दिवाळीचा माल कशातून भरणार? साड्या, मसाले, फराळ विकणाऱ्याला लागतात मोबाइलवर शूट केलेले रील आणि पाच-दहा मिनिटांचे फुल एचडी व्हिडिओ. ते काम ५० हजारांत भागतं. लग्नाचं फोर-के शूटिंग घेणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे लॅपटॉप हीच तुमची मशिनरी. मग बजेट वाढवावंच लागेल.

आता प्रोसेसर. मोठा आकडा म्हणजे नवं मशीन, हा समज फार महागात पडतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दुकानात शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. पण ७५२०यू मध्ये चारच कोअर आणि आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची. ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि झेन ३. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, रचना त्यावरून कळते.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. आय-५ १२३५यू ला दहा कोअर आणि आय-५ १२४५०एच ला आठ. तरी एक्स्पोर्टला सहसा एच पुढे असतो. कारण यू च्या दहांपैकी दमदार कोअर दोनच, एच चे चार. शिवाय यू ची बेस पॉवर १५ वॅट, एच ची ४५. बदल्यात एच तापतो, बॅटरी भराभर उतरते. पण एडिटिंग आपण टेबलावर चार्जर लावूनच करतो, त्यामुळे माझं मत एच लाच.

रॅममध्ये काटकसर नको. दाविंची रिझॉल्व फुकट मिळतं, पण त्याची कंपनीच १६ जीबी रॅम सांगते. “आत्ता ८ घेतो, नंतर वाढवू” म्हणताय? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, वाढतच नाही. दुकानदार म्हणेल, “हो, होईल की!” तेवढ्यावर पैसे देऊ नका. त्याच मॉडेल नंबरची माहिती कंपनीच्या साइटवर उघडायला लावा आणि रिकामा स्लॉट आहे का ते स्वतः वाचा. स्लॉट असेल तर ८ ची दुसरी स्टिक टाका. जोडीमुळे इनबिल्ट ग्राफिक्सलाही वेग मिळतो.

एसएसडी ५१२ जीबीची, त्याखाली नको. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबी खातं. जुनी कामं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढत जा.

स्क्रीनच्या माहितीत “४५ टक्के एनटीएससी” लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. या किमतीत बहुतेकदा तेच मिळतं, मग एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ चांगल्या फोनवर लावून खऱ्या साडीशेजारी धरून बघा. मोतिया रंगाची साडी पांढरी म्हणून गेली की परत आलीच समजा!

सेकंडहँड घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या, त्याआधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

रेग्युलर जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. ५० हजारांच्या बिलात १८ टक्क्यांनी सुमारे ७,६२७ रुपये कर असतो. लॅपटॉप धंद्यासाठी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मात्र नाही.

दुकानात जाताना आपल्याच फोनवरच्या दोन-तीन क्लिप पेन ड्राइव्हमध्ये न्या. आधी लॅपटॉपवर कॉपी करा, थेट पेन ड्राइव्हवरून चालवलं तर चांगलं मशीनही अडखळेल. डेमो पीसवर एडिटिंग सॉफ्टवेअर टाकू देत असतील तर दहा मिनिटं एक्स्पोर्ट लावून ठेवा, कीबोर्ड किती तापतो आणि पंखा किती ओरडतो ते बघा, आणि मगच भावाची बोलणी सुरू करा.