हवामान बदलते, ते कोणामुळे?

पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलतच होते, मग आताच माणसाला दोष का, असे विद्यार्थी आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या गंधकयुक्त धुक्याने सूर्यप्रकाश अडविला. पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंडावली, पण एकदोन वर्षांपुरतीच. सूर्याचे तेज १९७८ पासून उपग्रह मोजीत आहेत. त्यात चढउतार आहेत, सततची वाढ नाही. हवाई बेटावरील मौना लोआ येथे मात्र १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला कार्बन डायऑक्साइड २०२४ पर्यंत ४२० च्या वर गेला. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल जाळल्याची. शिवाय सूर्यच अधिक तापला असता तर वरचे स्थितांबरही तापले असते. ते तर थंड होत आहे!