आईने दाखवलेली वाट : म्यूल हरणाचे जीवन

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगराळ व गवताळ प्रदेशांत ‘म्यूल डिअर’ नावाचे हरीण आढळते. म्यूल म्हणजे खेचर. खेचरासारख्या लांबरुंद कानांमुळे त्यास हे नाव मिळाले. राफिनेस्क या निसर्गअभ्यासकाने १८१७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

आपल्याकडील चितळ-सांबरांप्रमाणे या जातीतही सामान्यतः नरालाच शिंगे असतात. ती हिवाळ्यात गळून पडतात व वसंतात पुन्हा वाढू लागतात. पूर्ण वाढलेल्या शिंगाला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यास पुन्हा दोन टोके येतात. धोका जाणवताच हे हरीण चारही पाय एकदम उचलून उसळ्या मारीत खडकाळ चढ सहज पार करते. मादी उन्हाळ्याच्या प्रारंभी बहुधा दोन पाडसांना जन्म देते. त्यांच्या अंगावरील पांढरे ठिपके त्यांना गवतात लपण्यास साह्य करतात.

हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साचले की अनेक कळप सखल प्रदेशात उतरतात. वसंतात कोवळा चारा जसजसा उंचावर फुटत जातो, तसतसे ते त्याच्यामागून वर चढतात. वायोमिंग राज्यातील रेड डेझर्ट ते होबॅक हा सुमारे २४० किलोमीटरांचा मार्ग संशोधकांनी हरणांच्या गळ्यात यंत्रपट्टे बांधून शोधला व २०१४ साली जगापुढे मांडला.

ही वाट पाडसाला कोण शिकवते? पहिल्या वर्षी ते आईच्या मागोमाग चालते. रानमेंढ्या व मूस यांच्यावरील २०१८ च्या अभ्यासातून असे दिसले की, नव्या प्रदेशात नेऊन सोडलेल्या कळपांना स्थलांतर आत्मसात करण्यास अनेक दशके लागली. म्हणजे ही वाट केवळ रक्तातून येत नाही. ती मागच्या पिढीकडून शिकावी लागते.

म्हणूनच कुंपणे, महामार्ग व वायुविहिरी यांचा धोका गंभीर आहे. वाट अडली आणि ती जाणणाऱ्या माद्या संपल्या, तर जंगल शिल्लक राहूनही ज्ञान नष्ट होते. वायोमिंगमध्ये ट्रॅपर्स पॉइंट येथे २०१२ साली महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी पूल उभारले गेले. आज हरणे त्यांवरून सुरक्षित जातात.

ज्यांच्या घरात शिक्षणाची वाट प्रथम एखाद्याच पिढीने चालून दाखवली, त्या आम्हांस या हरणाची कथा परकी वाटत नाही. वाट सापडणे मोलाचे खरे. परंतु ती पुढच्या पाडसासाठी मोकळी ठेवणे हे अधिक मोठे कर्तव्य होय.